डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस : चीन देशाच्या एका खेड्यात

पेण तालुक्यात जोहे म्हणून गाव आहे. हमरापूरच्या बाजूस जाणाऱ्यांस ते ठाऊक असेलच. घरोघरी गणपतीच्या मूर्ती घडविण्याचा धंदा तेथे चालतो. एका भाद्रपदाचे काम आटोपले की थोड्याच दिवसांत पुढल्या वर्षाच्या कामास हात लागतो. अंगणात, पडवीत, माळ्यावर जिकडे तिकडे साचे व सुकत घातलेल्या मूर्ती. कोणी साच्यातून काढलेले अंग घासून गुळगुळीत करीत आहे, कोणी रंगाचा हात देत आहे, आणि ज्याचा हात स्थिर तो डोळ्यांची आखणी करीत आहे. आता वाचकांनी क्षणभर अशी कल्पना करावी की, अशा एखाद्या गावावर परकी फौज चालून येत आहे असे वर्तमान आले. लोक पोरेबाळे व गुरे घेऊन डोंगरात पळाले आणि आठ दिवसांनी परत आले. परत आल्यावर ते काय करतील? घराचा अर्धा भाग जळालेला असला तरी उरलेल्या अर्ध्यात चूल पेटवतील. साचे कोठे पडले आहेत ते शोधतील. मेलेल्यास माती देतील, आणि तिसऱ्या दिवशी काम सुरू करतील. कारण पोटास सुट्टी नसते.

लढाई चालू असताना जखम बांधणारा मनुष्य सर्वांच्या डोळ्यांत भरतो. परंतु तिसऱ्या दिवशी ज्या मुलास ताप भरला, जी बाई अडली, ज्या शिपायाची महिन्यापूर्वीची जखम पुन्हा वाहू लागली, त्यांच्यापाशी कोण राहतो? आज आम्ही ज्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो, ते सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस असे राहणाऱ्यांपैकी होते. त्यांच्या चीनला जाण्याची कीर्ती पुष्कळ झाली आहे. त्यांच्या तेथे राहण्याकडे लोकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले, असे आम्हांस वाटते.

त्यांचा जन्म ता. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. वडील शांतारामपंत तेथील गिरणीत कारकून होते. घरात दोन भाऊ व पाच बहिणी. कारकुनाच्या पगारात एवढ्या मुलांचे पोषण व शिक्षण म्हणजे काय असते, हे आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. सोलापूर हे गिरण्यांचे गाव. भोंगा झाला की सारे शहर जागे होई. १९३० साली त्याच शहरात सत्याग्रहाच्या वेळी गोळीबार झाला, लष्करी कायदा पुकारला गेला, आणि पुढल्या वर्षाच्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरच्या चौघांस फाशी झाली. म्हणजे रस्त्यावर शिपायांचा पहारा असताना दुकाने कशी उघडतात व बाया पाण्यास कशा जातात, हे कोटणिसांच्या गावाने चीनच्या पूर्वीच पाहिले होते. द्वारकानाथ मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले व पुढील पदवीची तयारी करू लागले. शस्त्रक्रियेत नाव मिळवावे, चांगला धंदा करावा व घरचे दिवस पालटावे, अशीच कोणाही बापाची व मुलाची इच्छा असणार.

इतक्यात चीनचे प्रकरण आले. १९३७ च्या जुलै महिन्यात जपानने पिकिंगच्या जवळ कुरापत काढून त्या देशावर उघड स्वारी केली. मोठमोठी शहरे एकामागून एक पडली. चिनी सैन्यात डॉक्टर फारच थोडे होते व जखमी तर हजारोंनी होते. तेव्हा चिनी सेनापती जनरल चू तेह ह्यांनी पंडित जवाहरलाल नेहरू ह्यांस पत्र लिहून डॉक्टर पाठविण्याची विनंती केली. १९३८ साली राष्ट्रसभेचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशास आवाहन केले, सुमारे २२,००० रुपयांचा निधी जमला, एक रुग्णवाहिका घेतली गेली, आणि पाच डॉक्टरांची निवड झाली. अलाहाबादचे डॉक्टर अटल हे पुढारी. ते नुकतेच स्पेन देशातील युद्धात सेवा करून आले होते. नागपूरचे वयोवृद्ध डॉक्टर चोळकर, कलकत्त्याचे डॉक्टर बसू व डॉक्टर मुकर्जी, आणि आमचे सोलापूरचे कोटणीस, वय वर्षे अठ्ठावीसही पुरे नाहीत. पाचांत दोघे मराठी बोलणारे होते, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करितो.

ता. १ सप्टेंबर १९३८ रोजी राजपुताना नावाच्या आगबोटीने ही मंडळी मुंबईहून निघाली, व हाँगकाँगवरून त्याच महिन्यात कँटन येथे उतरली. तेथून त्यांस युद्धाबरोबरच आत आत सरकावे लागले. ज्या शहरात थोडे काम करावे ते शहर काही दिवसांत शत्रूच्या हाती जावे, असा प्रकार झाला. ऑक्टोबर महिन्यात कँटन व हँको ही दोन्ही शहरे पडली. मंडळी यांगत्सी नदीच्या पात्राने वर चढत चुंगकिंगला पोहोचली. तेथे एका चिनी स्नेह्याने पाचही जणांच्या नावांस चिनी रूप दिले व प्रत्येकाच्या शेवटी चीनवाचक अक्षर जोडले. कोटणिसांचे नाव झाले ‘को तिहुआ’. सोलापूरचा मुलगा पुढे त्याच नावाने ओळखला जावयाचा होता.

चुंगकिंगला असतानाच घरून वर्तमान आले की वडील वारले.

ह्या ठिकाणी आम्हांस थोडे थांबणे भाग आहे. मुलगा परत फिरला असता तर त्यास कोणी दोष दिला नसता. प्रपंचाची ओढाताण त्यास ठाऊक होती, आईची स्थिती ठाऊक होती. जे काम करण्यास तो आला होता ते अजून नीटसे सुरूही झाले नव्हते; म्हणजे हातचे काम अर्धवट टाकले असेही झाले नसते. परंतु द्वारकानाथ परतले नाहीत. दुःख गिळून ते सोबत्यांबरोबर उत्तरेस येनान येथे गेले. हे योग्य झाले की अयोग्य, ह्याचा निवाडा झटपट करणारे लोक आम्हांस पसंत नाहीत. दूरच्या लोकांची सेवा करावयास जो निघतो, त्याच्या वाट्याचा घरचा भार घरच्यांपैकी कोणाच्या तरी खांद्यावर पडतोच. सोलापूरच्या त्या घरी राहिलेल्या आईने व भावंडांनी जे सोसले त्याची नोंद कोणत्याही स्मारकावर नाही. आमच्या उपदेशकांपैकी ज्यांनी घरापासून चार दिवसांच्या वाटेवर नेमणुका घेतल्या, त्यांस हे अधिक समजेल.

ता. १२ फेब्रुवारी १९३९ रोजी मंडळी येनानला पोहोचली. तेथे डोंगर कोरून केलेल्या गुहांतून सैन्याचे दवाखाने होते व तेथेच डॉक्टर राहत. त्याच वर्षी चोळकर व मुकर्जी स्वदेशी परतले. वर्षअखेर अटल, बसू व कोटणीस लढाईच्या भागाकडे गेले. पुढे अटल ह्यांचेही शरीर साथ देईना, व तेही परतले. ह्यात कोणाची निंदा नाही. साठीकडे झुकलेल्या चोळकरांनी तो प्रवास केला हीच मोठी गोष्ट. राहिले दोघे, बसू व कोटणीस.

१९४० साली हे दोघे शान्शी व हेबेई प्रांतांच्या सरहद्दीवरील डोंगराळ मुलखात आले. सभोवार जपानी ठाणी व मधल्या खेड्यांतून चिनी फौज, अशी त्या भागाची स्थिती होती. ह्याच मुलखात कॅनडा देशाचे प्रसिद्ध शस्त्रवैद्य डॉक्टर नॉर्मन बेथ्यून काम करीत असत. ते एका प्रेस्बिटेरियन पाळकाचे पुत्र. स्वतः मात्र पित्याच्या मार्गाने गेले नाहीत. शस्त्रक्रिया करिताना बोट कापले, हातात रबरी मोजे नव्हते, रक्तात विष भिनले, आणि ता. १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते मरण पावले. कोटणिसांनी त्यांच्या थडग्यास भेट दिली. पुढे त्यांच्याच नावाच्या रुग्णालयाचा भार आपल्यावर येणार, हे त्या वेळी त्यांस ठाऊक नसावे.

१९४० च्या ऑगस्टपासून चिनी फौजेने एक मोठी मोहीम केली. त्या मोहिमेत कोटणिसांकडे सुमारे ८०० जखमी आले, व तीन तीन दिवस निजेवाचून ते शस्त्रक्रिया करीत होते, असे सांगतात. हा भाग सर्वश्रुत आहे, चित्रपटांतूनही दाखविला गेला आहे; म्हणून आम्ही तो येथे लांबवीत नाही. थकवा येणार, हात कापणार, तरी पुढचा जखमी आत आणावयाचा, ह्याहून त्यात निराळे काय वर्णावे?

खरे चरित्र ह्यानंतरच्या दोन वर्षांत आहे.

मोहीम संपली. बसू येनानला परत गेले. कोटणीस त्या मुलखात एकटेच हिंदी मनुष्य राहिले. १९४१ च्या जानेवारीत त्यांस बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे मुख्य नेमण्यात आले. नाव ऐकून वाचकांस मोठी इमारत डोळ्यांपुढे येईल. तसे काही नव्हते. हेबेई प्रांताच्या तांग तालुक्यात गेगुंग नावाचे खेडे आहे; तेथे व आसपास हे रुग्णालय होते, व बरेचसे रोगी शेतकऱ्यांच्या मातीच्या घरांतूनच ठेविलेले असत. ह्या घरी दोन, त्या घरी तीन. खालून जाळ घालून तापविलेला विटांचा ओटा, हीच खाट. घरची म्हातारी रोग्यास पेज भरवी. डॉक्टरने सकाळी निघावे व घरोघर फिरून रोगी पाहावे. म्हणजे रुग्णालयाची फेरी आणि गावाची फेरी एकच झाली. आता ज्या घरात जखमी शिपाई आहे त्याच घरात खोकणारे मूल आहे व डोळे आलेली आजी आहे. शिपायास पाहून मुलास न पाहता कसे जावे? अशा रीतीने सैन्याचा डॉक्टर तो गावचाही डॉक्टर झाला. लोक त्यांस ‘को वैद्य’ ह्या अर्थाच्या चिनी नावाने हाक मारीत.

साहित्याची टंचाई विलक्षण होती. शत्रूने चोहोकडून नाकेबंदी केलेली. औषधे चोरून आणावयाची, पट्ट्या धुऊन पुन्हा वापरावयाच्या, मोडलेल्या हाडास लाकडी पट्ट्या गावच्या सुतारानेच तासून द्यावयाच्या. ह्यात विशेष असे की, १९४१ व १९४२ ह्या दोन वर्षांत जपानी फौजेने त्या मुलखावर फार क्रूर धाडी घातल्या. धान्य लुटावे, घरे जाळावी, माणसे मारावी, असाच त्यांचा क्रम होता. धाड येते असे कळले की गावकरी धान्य जमिनीत पुरीत, विहिरी बुजवीत व डोंगर गाठीत. रुग्णालयही खेचरांवर सामान लादून त्यांच्याबरोबर निघे. धाड ओसरली की सर्वजण परत. पुरलेले राळे उकरून काढावयाचे, भिंत लिंपावयाची, नांगर जुंपावयाचा. आणि डॉक्टराने पुन्हा घरोघर रोगी ठेवून फेरी सुरू करावयाची. हे एकदा नव्हे, वारंवार.

वाचकहो, एकदा धैर्य दाखविणे निराळे, व दर वेळी त्याच गावात परत येऊन तीच भिंत लिंपणे निराळे. गेगुंगच्या शेतकऱ्यांस दुसरा उपाय नव्हता. त्यांची जमीन तेथे होती. कोटणिसांस उपाय होता. त्यांचे घर सोलापुरास होते.

त्या दोन वर्षांत त्यांनी आणखी एक काम केले, व आमच्या दृष्टीने ते शस्त्रक्रियेहून मोठे आहे. रुग्णालयाला लागून बेथ्यून ह्यांच्याच नावाची वैद्यकशाळा होती. तेथे शेतकऱ्यांची मुले शिकावयास येत. कोटणीस आले तेव्हा त्यांस चिनी भाषेचे अक्षर येत नव्हते. ती भाषा व ती लिपी शिकणे किती कठीण, हे जगजाहीर आहे. त्यांनी ती इतकी आत्मसात केली की दुभाष्यावाचून वर्गात शिकवू लागले. पुढे शस्त्रवैद्यकावर एक पाठ्यपुस्तक त्यांनी पुरे केले व दुसरे हाती घेतले. एक डॉक्टर किती जखमा शिवील? शंभर मुलांस शिवावयास शिकविले तर गोष्ट निराळी. जो माणूस पुढल्या गाडीने परत जावयाचा असतो तो पाठ्यपुस्तके लिहीत बसत नाही.

ह्याच शाळेत ग्वो चिंगलान नावाच्या बाई परिचारिकांस शिकवीत होत्या. त्या तेथे कशा आल्या ती हकीकत आमच्या वाचकांस विशेष आवडेल. न्यूझीलंड देशातील कॅथलीन हॉल नावाच्या अँग्लिकन मिशनरी बाई हेबेई प्रांताच्या डोंगरात एका खेड्यात लहानसे रुग्णालय चालवीत. त्या मिशनच्या कामासाठी म्हणून पिकिंगला जात, आणि तेथून जपानी पहाऱ्यांतून औषधे व माणसे डॉक्टर बेथ्यून ह्यांच्या मुलखात पोहोचवीत. अशा रीतीने ज्या परिचारिका त्यांनी पाठविल्या त्यांत ग्वो बाई होत्या. पुढे जपान्यांस हे कळले. हॉल बाईंचे रुग्णालय जाळले गेले व त्यांस तो भाग सोडावा लागला.

कोटणीस व ग्वो बाई ह्यांचा विवाह १९४१ च्या अखेरीस त्या खेड्यातच झाला. सभोवार युद्ध आणि हे लग्न कसले, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. शेजारच्या शेतकऱ्यांच्या घरीही त्या काळात लग्ने झालीच असतील व पाळणे हललेच असतील. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ह्या दांपत्यास पुत्र झाला. सेनापती न्ये रुंगचेन ह्यांनी त्याचे नाव ‘यिनहुआ’ असे ठेविले. यिन म्हणजे हिंदुस्थान व हुआ म्हणजे चीन.

त्याच वर्षी जुलै महिन्यात कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. आमच्या वाचकांपैकी काहींस हे रुचणार नाही. परंतु ज्याचे चरित्र सांगावयाचे त्याची आवडती तेवढीच पाने उघडून दाखविणे हा खोटेपणा होय. तो आमच्याने होणार नाही.

आता शेवटचा भाग. ह्या सर्व काळात त्यांच्या शरीरास एक रोग जडला होता. अपस्माराचे झटके येत. ते स्वतः डॉक्टर; ह्याचा अर्थ त्यांस पुरता ठाऊक होता. वरिष्ठांनी सुचविले की, हा भाग सोडून दुसरीकडे उपचारास जावे. त्यांनी ते मानले नाही. हेबेईचा हिवाळा, अपुरे भरड अन्न, अपुरी झोप, वरचेवर डोंगर चढणे, अशा स्थितीत तो रोग बळावला. येथेही आम्ही त्यांची बाजू डोळे मिटून घेणार नाही. घरात तीन महिन्यांचे मूल व तरुण पत्नी असताना मनुष्याने आपल्या शरीराची थोडी अधिक काळजी घ्यावयास हवी होती, असे आमचे मत आहे. परंतु शाळा चालू होती, दुसरे पुस्तक अर्धे झाले होते, घरोघर रोगी होते. आणि अशा माणसांस उद्या जाऊ असे वाटते, आज नव्हे.

ता. ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री झटका आला, तो थांबेना. एकामागून एक झटके येत गेले, व दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा अंत झाला. वय ३२ वर्षे. गावचे शेतकरी, विद्यार्थी व शिपाई ह्यांनी त्यांस त्याच मुलखात माती दिली. माओ त्से तुंग व चू तेह ह्यांनी शोकलेख पाठविले. आईने मुलास निरोप दिल्यास चार वर्षे होऊन गेली होती. त्याची बायको तिने पाहिली नव्हती, नातू पाहिला नव्हता.

पुढील वर्षी बसू हिंदुस्थानात परतले. पाच गेले होते, चार आले. ख्वाजा अहमद अब्बास ह्यांनी त्यावर पुस्तक लिहिले, व १९४६ साली व्ही. शांताराम ह्यांनी बोलपट काढून ही कथा घरोघर नेली. युद्ध संपल्यावर व नवे राज्य झाल्यावर कोटणिसांचे अवशेष शिजियाजुआंग शहरातील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत हलविण्यात आले. बेथ्यून ह्यांचेही थडगे तेथेच आहे. पुत्र यिनहुआ वैद्यकाचा अभ्यास करीत असता १९६७ साली, ऐन तारुण्यात वारला. ग्वो बाईंनी हिंदुस्थानात येऊन सासरच्या मंडळींची भेट घेतली होती. १९६२ साली ह्या दोन देशांतच लढाई जुंपली, तरी त्यांनी हे नाते तोडले नाही. त्या २०१२ साली वारल्या.

त्याच वर्षी सोलापुरास भैय्या चौकातील कोटणिसांच्या जुन्या घराचे स्मारक खुले करण्यात आले. आमच्या मंडळ्यांपैकी जे कोणी सोलापूरच्या बाजूस कामानिमित्त जातात, त्यांनी तेथे अवश्य जावे. घर स्टेशनापासून फार लांब नाही.